शिधाकेंद्र आणि संगणकावरील नोंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरील एका गावात आम्ही काही जण मिळून शिधाकेंद्र चालवतो. श्रीवर्धनपासून राजापूरपर्यंतची महिला मंडळे, ग्रामस्थ मंडळे आणि मशिदींच्या समित्या आमच्याकडे नोंदी, साठा आणि सॉफ्टवेअर यांविषयी प्रश्न पाठवतात आणि त्यांतले बरेचसे तेच ते असतात. ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी येतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिधाकेंद्र म्हणजे नेमके काय? रेशनचे दुकान असताना त्याची गरज का पडते?

अडचणीत असलेल्या कुटुंबाला तांदूळ, डाळ, तेल, मीठ, मसाला, साबण असा कोरडा शिधा विनामूल्य मिळण्याची स्थानिक जागा म्हणजे शिधाकेंद्र. ती समाजमंदिरातील एखादी खोली असेल किंवा कुणाच्या पडवीचा कोपराही असेल. रेशन हा मात्र कायद्याने दिलेला हक्क आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकत्रित ३५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा हक्क मोठा आहे, परंतु नुसत्या तांदूळ-गव्हावर स्वयंपाक होत नाही. शिवाय सुनेचे नाव अजून माहेरच्या कार्डावर असते, आजीच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, केशरी कार्ड असते पण लाभार्थी यादीत नाव नसते. अशा फटीत शिधाकेंद्र उभे असते. म्हणून आमच्याकडे नवीन कुटुंब आले की पहिली चौकशी रेशन मिळते का याची होते आणि मिळत नसेल तर शिधा देऊन झाल्यावर त्या कागदपत्रांच्या मागे लागणे हेही केंद्राचे काम ठरते.

२. आमची वही व्यवस्थित चालली आहे. मग सॉफ्टवेअर कशासाठी?

चालली असेल तर चालू द्यावी. तीस-चाळीस कुटुंबांपर्यंत, एकच व्यक्ती वाटप करत असेल तर, चांगल्या वहीसारखे साधन नाही. ती पावसात चार्ज करावी लागत नाही.

वही दोन ठिकाणी कमी पडते. पहिले ठिकाण साठ्याचे. कोणती गोणी कधी आली, कोणत्या तेलाची मुदत आधी संपते, हे वहीतून काढायचे तर पाने मागे चाळत बसावे लागते आणि वाटपाच्या दिवशी ते कोणी करत नाही. दुसरे ठिकाण हंगामाचे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि त्या काळात खलाशी, मासळी विकणाऱ्या बायका, बर्फ आणि जाळ्यांच्या कामावर जगणारी घरे यांची मिळकत एकदम थांबते. जूनमध्ये गर्दी होणार, असे आम्ही धरून चाललो होतो. दोन वर्षांच्या नोंदी एकाखाली एक मांडल्यावर दिसले की जूनमध्ये लोक आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवलेल्या, बेगमीवर भागवतात, घरातले तांदूळ आणि सुकी मासळी पुरवून पुरवून खातात आणि खरी ओढाताण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. तेव्हापासून डाळ आणि तेलाची मोठी खरेदी आम्ही जूनच्या अखेरीस करतो. ही गोष्ट वहीतही होती, पण ती वेगवेगळ्या पानांवर होती.

३. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? परदेशात यासाठी तयार सॉफ्टवेअर मिळते असे ऐकतो.

मिळते. अमेरिकेत जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये फिनिक्स शहरात पहिली अन्नपेढी सुरू केली, तेव्हापासून तेथे या कामाचे जाळे वाढत गेले. मोठी अन्नपेढी घाऊक साठा सांभाळते आणि तिच्याकडून छोटी केंद्रे माल घेऊन घरोघरच्या लोकांना देतात. तेथील सॉफ्टवेअर या दुपदरी रचनेसाठी आणि त्यांच्या सरकारच्या ‘टेफॅप’ या अन्नमदत योजनेच्या अहवालांसाठी बेतलेले असते. त्यामुळे त्यात घराचा क्रमांक, रस्ता आणि पिन कोड यांशिवाय पुढे जाता येत नाही, उत्पन्नाचे रकाने असतात आणि वाडी नावाची गोष्टच नसते. आमच्याकडे एका उत्साही पाहुण्याने असे एक सॉफ्टवेअर बसवून दिले होते. त्यात अर्ध्या गावाचा पत्ता ‘मारुती मंदिराजवळ’ असा लिहावा लागला.

आमचा सल्ला साधा आहे. शंभर-दीडशे कुटुंबांपर्यंत गूगल शीट किंवा लिब्रे ऑफिस कॅल्क पुरेसे आहे. त्यात तीनच पाने ठेवावीत. एक कुटुंबांचे, एक आलेल्या मालाचे, एक वाटपाचे. तिन्ही पाने कुटुंब क्रमांक आणि माल क्रमांक यांनी एकमेकांना जोडलेली असावीत. वाटप चार-पाच गावांत होत असेल आणि रेंजचा भरवसा नसेल तर कोबो टूलबॉक्स पाहावे. त्यात मराठी अर्ज तयार करता येतो, तो मोबाइलवर इंटरनेटशिवाय भरता येतो आणि नंतर पाठवता येतो. सेवाभावी कामासाठी ते ठरावीक मर्यादेपर्यंत विनामूल्य आहे. पैसे देऊन नवीन सॉफ्टवेअर बनवून घेण्याचा विचार किमान एक पूर्ण पावसाळा या साध्या साधनांवर काढल्याशिवाय करू नये, कारण आपल्याला काय हवे आहे हे तोपर्यंत आपल्यालाच ठाऊक नसते.

४. प्रत्येक कुटुंबाची कोणती माहिती नोंदवावी?

जी माहिती वाचून आपण पिशवीत काहीतरी वेगळे घालणार आहोत, तेवढीच. ही कसोटी लावली की अर्ज आपोआप आखूड होतो. आमच्या कुटुंबांच्या पानावर सात रकाने आहेत: कुटुंब क्रमांक, शिधा न्यायला येणाऱ्या व्यक्तीचे नाव, वाडी, मोठी माणसे, लहान मुले, रेशन मिळते की नाही आणि ‘विशेष’.

कुटुंबप्रमुखाऐवजी येणाऱ्या व्यक्तीचे नाव आम्ही मुद्दाम ठेवले आहे. कार्डावर ज्याचे नाव असते तो पुष्कळदा मुंबईत असतो किंवा बोटीवर असतो आणि टेबलासमोर उभी असते ती वहिनी. ‘विशेष’ या रकान्यात थोडक्यात लिहावे: मधुमेह आहे, आजोबांना दात नाहीत, गॅस नाही व चूलच आहे, तान्हे मूल आहे. दात नसलेल्या माणसाला पेजेसाठी उकडा तांदूळ हवा असतो आणि गॅस संपलेल्या घरी राजमा देऊन काही उपयोग नसतो.

जात, धर्म, उत्पन्न, कर्ज आणि नवऱ्याचे व्यसन हे रकाने नसावेत. पहिल्या वर्षी आम्ही ‘अडचणीचे कारण’ असा रकाना ठेवला होता. एक मावशी दर महिन्याला त्या टेबलासमोर येऊन मुलगा बुडाल्याची हकिकत सांगत आणि आमचा स्वयंसेवक दर महिन्याला ती टिपून घेई. ती हकिकत वाचून त्यांच्या पिशवीत काहीही वेगळे पडत नव्हते. तो रकाना आम्ही काढून टाकला. आता क्रमांक सांगितला की पिशवी मिळते.

५. आधार कार्डाची झेरॉक्स घ्यावी का?

घेऊ नये आणि क्रमांकही नोंदवू नये. शिधाकेंद्राला त्याचा काही उपयोग नाही, मात्र झेरॉक्सचा गठ्ठा उघड्या कपाटात पडून राहतो आणि त्याची जबाबदारी आपल्यावर येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतली जात आहे ते सांगून संमती घेणे आणि संमती मागे घेण्याची मुभा देणे हा त्या कायद्याचा गाभा आहे. टेबलावर मराठीत चार ओळींचा कागद ठेवावा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो वाचून दाखवावा. एकाच माणसाची दोनदा नोंद होईल ही भीती असेल तर प्रश्न ६ आणि ११ पाहावेत.

६. नाव नोंदवलेले आहे, तरी शोधले की सापडत नाही. असे का होते?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो. त्याची कारणे तीन असतात.

पहिले कारण जुन्या फाँटचे. अनेक मंडळांच्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी अक्षर दिसते, पण आत साठवलेले असते वेगळेच चिन्ह. म्हणूनच ती फाइल मोबाइलवर उघडली की अगम्य रोमन अक्षरांची रांग दिसते. अशी यादी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि मोबाइलना सारख्या समजणाऱ्या अक्षरसंकेतांत, बदलून घेण्याला पर्याय नाही. त्यासाठी परिवर्तक उपलब्ध आहेत, परंतु जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, तेव्हा बदलल्यानंतर एकेक नाव डोळ्यांखालून घालावे.

दुसरे कारण युनिकोडच्या आतले आहे आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’ या आडनावांतील आडवा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कळफलक त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साध्या ‘र’ला एक अदृश्य जोडचिन्ह लावतात. ‘ॲ’चेही तसेच आहे. ते एक अखंड अक्षर असू शकते किंवा ‘अ’वर वेगळा चंद्र दिलेला असू शकतो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. एका मोबाइलवरून नोंदवलेली कुऱ्हाडे काकी दुसऱ्या मोबाइलवर सापडत नाही, मग तिची पुन्हा नोंद होते आणि महिनाअखेरीस आपण तिलाच विचारतो की दोनदा कशा आलात. यावर उपाय म्हणून सर्व स्वयंसेवकांनी एकच कळफलक वापरावा आणि शोध नावाने न घेता कुटुंब क्रमांकाने घ्यावा.

तिसरे कारण आपल्या गावांच्या घडणीचे आहे. एका वाडीत एकच आडनाव असते आणि आजोबांचे नाव नातवंडांना दिलेले असल्याने तीच तीच नावे फिरत राहतात. अशा ठिकाणी नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव जोडूनही भागत नाही. गाव ज्या खुणेने त्या घराला ओळखतो ती खूण, म्हणजे ‘विहिरीवरचे’ किंवा ‘वरच्या घरचे’, लिहावी. फक्त ती खूण सन्मानाची आहे ना, हे पाहावे. गावात चालणारी काही टोपणनावे तोंडी सोसली जातात, लिहिली की बोचतात.

७. रकान्याची बेरीज शून्य येते आणि तारखा उलटसुलट होतात. सॉफ्टवेअर बिघडले आहे का?

नाही. देवनागरीत टाइप केलेले अंक बहुतेक स्प्रेडशीट मजकूर म्हणून धरतात, म्हणून ‘२५’ अधिक ‘२५’ यांची बेरीज शून्य दिसते. नोंदीतले आकडे इंग्रजी अंकांत टाकावेत आणि छापील पत्रकात ते हवे तर देवनागरी करावेत. तारखांचा घोटाळा जास्त महागात पडतो. फाइलची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर सहा जुलै ही तारीख सात जून म्हणून वाचली जाते. आमच्याकडे यामुळे तेलाचे दोन खोके मुदत संपल्याचे समजून बाजूला ठेवले गेले होते. फाइलच्या सेटिंगमध्ये देश भारत असा निवडावा आणि महिना अक्षरांत लिहिण्याची सवय लावावी.

८. साठ्याची नोंद पोत्यात करावी, किलोत करावी की पायलीत?

किलोत करावी. गावातून दान म्हणून येणारा तांदूळ पायलीने येतो आणि देणारा ‘दोन पायल्या दिल्या’ असेच सांगतो. पण पायलीचे माप गावागणिक बदलते आणि उकडा व सुरय (न उकडलेला) तांदूळ एकाच मापात भरले तरी त्यांचे वजन सारखे भरत नाही. देणाऱ्याच्या पावतीवर त्याच्या शब्दांत लिहावे आणि मालाच्या पानावर काट्यावरचे वजन लिहावे.

प्रत्येक आलेल्या खेपेला स्वतंत्र माल क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक खडूने किंवा मार्करने गोणीवरही लिहावा. नोंदीत आल्याची तारीख, मुदतीची तारीख आणि ठेवण्याची जागा असावी. वाटपाच्या आदल्या दिवशी पान मुदतीच्या क्रमाने लावले की जे आधी संपणार ते वर येते आणि तेच पुढच्या फळीवर मांडायचे. पाकीटबंद मालावर ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ छापलेले असते आणि ती तारीख उलटलेला माल वाटायचा नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र विनियम केले आहेत आणि हॉटेल वा लग्नघरातले शिजवलेले अन्न घेणाऱ्या मंडळांनी ते अवश्य वाचावेत. आम्ही शिजवलेले अन्न घेत नाही. कोकणातल्या दमट हवेत ते किती तास टिकेल याची खात्री आम्हाला देता येत नाही.

छापील तारखेपेक्षा पावसाळी हवा आधी माल खराब करते, हेही नोंदीत दिसले पाहिजे. डाळीला भुंगा लागतो, रव्याला जाळी धरते, भिंतीला टेकलेली गोणी खालून ओलावते. म्हणून जून ते सप्टेंबर दर आठवड्याला प्रत्येक गोणीत हात घालून पाहावे आणि ‘पाहिले’ असा रकाना भरावा. टाकून दिलेला माल प्रामाणिकपणे ‘टाकला’ म्हणून नोंदवावा. तो वाटपात घुसवला की हिशेब जुळतो, परंतु पुढच्या वर्षी तीच चूक पुन्हा होते.

९. पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही नसतात. तेव्हा काय करावे?

वाटपाच्या दिवशी वीज नाही, असे धरूनच व्यवस्था बसवावी. आमच्या जुलैतल्या एका शनिवारचे चित्र असे असते. खोलीत अंधार असतो, दाराशी छत्र्यांचे पाणी साचलेले असते, वजनकाटा बॅटरीचा असतो आणि टेबलावर आदल्या संध्याकाळी छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेले कुटुंबांचे पत्रक असते. येणारी व्यक्ती क्रमांक सांगते, पत्रकावर बरोबरची खूण होते, पिशवी दिली जाते. संगणक तेथे नसतोच. संध्याकाळी किंवा दोन दिवसांनी वीज आली की एकाच व्यक्तीने पत्रकावरून नोंदी चढवायच्या.

मोबाइलवरच नोंदी करायच्या असतील तर गूगल शीटमधील ती फाइल ऑफलाइन वापरासाठी आधीच उपलब्ध करून ठेवावी लागते. रेंज गेल्यावर ते करता येत नाही. दोन मोबाइलवर एकाच वेळी ऑफलाइन काम झाले आणि दोघांनी एकाच चौकटीत काही लिहिले तर एकाची नोंद पुसली जाते. हे टाळण्यासाठी प्रत्येक टेबलाला वेगळे पान द्यावे आणि नवीन कुटुंबांचे क्रमांकही वाटून द्यावेत. पहिल्या टेबलावर ‘अ-१७’ आणि दुसऱ्यावर ‘ब-१७’ झाले तर काही बिघडत नाही.

१०. कोणाला किती शिधा द्यायचा हे सॉफ्टवेअरने ठरवावे का?

माणशी तांदूळ किती आणि घराला तेल किती, हा गुणाकार त्याने करावा. काय द्यायचे हे शक्यतो घेणाऱ्याने ठरवावे. याबाबतीत अमेरिकेतील एक अनुभव उद्बोधक आहे. तेथील अन्नपेढ्यांची राष्ट्रीय संस्था फीडिंग अमेरिका पूर्वी देणगीत आलेला माल रांगेच्या क्रमाने पेढ्यांना देऊ करत असे आणि त्यातून बटाट्यासाठी प्रसिद्ध असलेल्या आयडाहो राज्यातच बटाटे पाठवण्यासारखे प्रकार होत. २००५ मध्ये शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांच्या मदतीने त्यांनी वेगळी पद्धत आणली. प्रत्येक पेढीला तिच्या गरजेनुसार खोटे चलन मिळते आणि हव्या त्या मालावर ती संगणकातून बोली लावते. गरजू लोक जास्त असलेल्या पेढीला चलनही जास्त मिळते.

लिलाव हे आपल्या गावचे काम नाही. पण हर्णैच्या कोळीवाड्यात सुकट पाठवायची नाही, एवढे शहाणपण त्यातून घेता येते. आम्ही प्रत्येक कुटुंबाला गुण देतो आणि फळीवरच्या वस्तूंवर गुण लिहितो. तूरडाळीऐवजी कुळीथ, गव्हाऐवजी नाचणी, चहापत्ती किंवा मुलांसाठी बिस्किटे असे ज्याचे त्याने घ्यावे. गेल्या वर्षभरात सर्वाधिक उचलली गेलेली वस्तू खोबरेल तेल आणि सर्वांत कमी उचललेली सोयाबीनच्या वड्या होती. वड्यांची खरेदी आम्ही बंद केली. गुणांची पद्धत जड वाटत असेल तर निदान ‘नको असलेली वस्तू येथे ठेवावी’ असे एक टोपले दाराशी ठेवावे आणि त्यात काय पडते ते नोंदवावे.

११. एकच कुटुंब महिन्यातून दोनदा आले तर सॉफ्टवेअरने अडवावे का?

अडवू नये, फक्त दाखवावे. आमच्या पत्रकात अशा क्रमांकासमोर मागच्या वेळची तारीख येते. लाल रंग येत नाही, कारण लाल रंग पाहिला की स्वयंसेवकाचा आवाज बदलतो. टेबलावरील व्यक्तीने ‘मावशी, या वेळी लवकर संपले का?’ एवढेच विचारावे. बहुतेक वेळा घरात पाहुणे किंवा बाळंतीण आलेली असते, किंवा पत्र्यातून गळून पिशवी भिजलेली असते. कधी खरोखरच लबाडी असते. पण दोन किलो तांदळाची लबाडी पकडण्यासाठी शंभर जणांची उलटतपासणी करणे आम्हाला परवडत नाही. दुहेरी नोंद तांत्रिक असेल तर प्रश्न ६ पाहावा आणि घर विभागले असेल तर पुढचा प्रश्न.

१२. रेशन कार्ड एक, घर एक, पण चुली दोन. हे एक कुटुंब धरावे की दोन?

चूल मोजावी. एका छपराखाली दोन भाऊ वेगळे शिजवत असतील तर ती आमच्या नोंदीत दोन कुटुंबे आहेत, कार्ड काहीही सांगो. माणसांची संख्या मात्र दोन्हीकडे मोजली जाऊ नये म्हणून दोन क्रमांकांसमोर एकमेकांचा क्रमांक लिहून ठेवावा. खरी अडचण आईवडिलांची असते. ती सहा महिने एकाकडे आणि सहा महिने दुसऱ्याकडे जेवतात. अशा वेळी आम्ही त्यांना स्वतंत्र क्रमांक देतो आणि त्यांची पिशवी वेगळी बांधतो. ज्या मुलाकडे ती असतील तेथे ती पिशवी त्यांच्याबरोबर जाते. हा उपाय एका आजींनीच सुचवला होता.

१३. खलाशी, बागेचे राखणदार, भट्टीवर जाणारी कुटुंबे अशा बाहेरगावच्या लोकांची नोंद कशी करावी?

‘तात्पुरते’ असा वेगळा क्रमगट ठेवावा आणि त्यांना वाडीऐवजी बंदर, बाग किंवा भट्टी लिहावी. दुसऱ्या जिल्ह्यातील वा राज्यातील रेशन कार्ड असेल तर ‘एक राष्ट्र एक रेशन कार्ड’ योजनेखाली त्यांना आपल्या गावच्या दुकानातही धान्य मिळू शकते, हे त्यांना सांगावे. अनेकांना ते ठाऊक नसते. आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांना हा मार्ग उपलब्ध नाही, तेव्हा त्यांच्यासाठी केंद्राने आपल्या साठ्यातूनच सोय ठेवावी.

कातकरी कुटुंबांच्या बाबतीत उलटी काळजी घ्यावी लागते. ती आपल्याच तालुक्यातली असतात, पण पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर वा कोळसा पाडायला जातात आणि उन्हाळा संपत आला की परततात. तीन महिने न आलेले कुटुंब आपोआप वगळायची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. ती बंद करावी. नाहीतर ज्या जूनमध्ये त्यांच्या घरात काहीच नसते नेमक्या त्याच वेळी त्यांना नव्याने नोंदणी करावी लागते.

१४. देणगीदार फोटो आणि लाभार्थींची यादी मागतात. द्यावी का?

यादी देऊ नये आणि चेहऱ्याचे फोटो देऊ नयेत. शहरात रांगेत उभे राहिलेले माणूस अनोळखी असते. येथे फोटो गावच्या व्हॉट्सअॅप गटावर पडला की संध्याकाळपर्यंत मुंबईतल्या चाकरमान्यापर्यंत पोचतो आणि त्याची आई पुढच्या महिन्यात येत नाही. एका कंपनीने आम्हाला फलक धरून उभ्या असलेल्या बायकांचे फोटो मागितले होते आणि नकार दिल्यावर तिची देणगी थांबली. त्या महिन्यात डाळ कमी पडली, हेही येथे लिहिले पाहिजे.

देणगीदाराला हिशेब मागण्याचा अधिकार आहे आणि तो सॉफ्टवेअरमधून चांगला देता येतो. किती किलो आले, किती वाटले, किती टाकले, किती घरांत आणि किती मुलांपर्यंत गेले, हे वाडीनिहाय नव्हे तर एकत्रित द्यावे. चार घरांच्या वाडीचा वेगळा आकडा दिला तर नाव न देताही घर ओळखू येते. फोटो हवाच असेल तर गोण्यांचा, काट्याचा आणि भरलेल्या फळीचा द्यावा. पैशाच्या पावत्या आणि लेखापरीक्षण हा वेगळा विषय आहे आणि तो कुटुंबांच्या नोंदींत मिसळू नये.

१५. वादळ किंवा पूर आला तर नेहमीच्या नोंदी चालू ठेवाव्यात का?

पहिले काही दिवस नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले तेव्हा दापोली-मंडणगड भागातील कित्येक गावांत अनेक आठवडे वीज नव्हती. आमचे केंद्र त्याच मदतकार्यातून उभे राहिले. तेव्हा कोण गरजू हा प्रश्नच नव्हता, कारण छप्पर सगळ्यांचेच उडाले होते. अशा वेळी फक्त वाडी आणि वाटलेल्या पिशव्यांची संख्या लिहावी. कुटुंबांची नोंद नंतर, लोकांच्या डोक्यावर ताडपत्री आल्यावर करावी.

पुराच्या बाबतीत साठ्याइतकीच काळजी नोंदींची घ्यावी लागते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा तळमजल्यावरची कपाटे आणि संगणक पाण्याखाली गेले. नोंदींची एक प्रत इंटरनेटवर आणि दुसरी पेन ड्राइव्हमध्ये, दुसऱ्या गावातील विश्वासू व्यक्तीकडे ठेवावी. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती प्रत नवी करण्याचे काम आम्ही कौले चाळण्याच्या कामाबरोबर लावून ठेवले आहे.

१६. सॉफ्टवेअर सांभाळणारा मुलगा नोकरीसाठी मुंबईला गेला. आता काय?

हे होणारच आहे असे समजून सुरुवात करावी. फाइल त्याच्या खासगी ईमेल खात्यावर असेल तर आजच्या आज केंद्राच्या नावाचे खाते काढून मालकी तिकडे वळवून घ्यावी. त्या खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांकही केंद्राच्याच सिमकार्डाचा असावा, नाहीतर पडताळणीचा संकेतांक मुंबईत वाजतो आणि आपण येथे वाट पाहत बसतो. सूत्रे असलेल्या चौकटींना कुलूप लावावे आणि कोणत्या चौकटीत काय होते ते एका कागदावर साध्या मराठीत लिहून घ्यावे.

वारस म्हणून दुसरा तरुण शोधण्यापेक्षा जी व्यक्ती दर शनिवारी काट्यावर असते तिला शिकवावे. आमच्याकडे हे काम आता एका काकींकडे आहे. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे आणि त्यांना फक्त तीन गोष्टी येतात: क्रमांक शोधणे, नोंद भरणे, पत्रक छापणे. बाकीच्यासाठी त्या मुंबईला फोन करतात. पासवर्ड एका बंद पाकिटात कोठीच्या किल्लीशेजारी ठेवलेला असतो. दिवाळीत आणि शिमग्याला, तो मुलगा गावी आला की, पाकीट त्याच्यासमोर उघडून पासवर्ड अजून चालतो का ते काकी स्वतः टाइप करून पाहतात.